फोन भरला? मेमरी कार्ड घालण्याआधी आणि घातल्यावर

गणपतीचा दुसरा दिवस, संध्याकाळची आरती. मुंबईहून आलेले चाकरमानी, झांजांचा गजर, वर फळांनी लगडलेली माटवी. आत्येने फोन उंच धरला होता. शेवटची आरती सुरू झाली आणि नेमकं तेव्हाच रेकॉर्डिंग थांबलं. स्क्रीनवर ओळ आली, जागा शिल्लक नाही. आत्ये माझ्याकडे वळून म्हणाली, "रे झिला, ह्यो फोन फोटो काढणा नाय!" तिचा फोन ३२ जीबीचा. त्यातली निम्मी जागा फोनच्या स्वतःच्या यंत्रणेने आणि अ‍ॅपनी खाल्लेली, उरलेली व्हॉट्सअ‍ॅपने.

देवगडच्या बाजूला आमच्या गावात दर गणपतीत अशा चार-पाच जणांचे फोन माझ्या हातात येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, कार्ड घातलं की काम झालं ना? कार्ड घालावं, जरूर घालावं. पण ते कुठलं घ्यायचं, कसं घालायचं आणि त्यात काय ठेवायचं हे आधी समजून घेतलं तर पुढची रडारड वाचते. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितो आहे. फोन अँड्रॉइडचा आहे असं धरून चाललो आहे, कारण आयफोनला कार्डाची सोय कधीच नव्हती.

आधी घर झाडून बघा

सेटिंग्जमध्ये जाऊन 'स्टोरेज' उघडा. फोटो, व्हिडिओ, अ‍ॅप यांनी किती जागा घेतली ते तिथे वेगवेगळं दिसतं. मग व्हॉट्सअ‍ॅप उघडा. त्याच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज आणि डेटा, त्यात 'मॅनेज स्टोरेज'. पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइल आणि अनेकदा फॉरवर्ड झालेले व्हिडिओ तिथे वेगळे काढून दाखवलेले असतात. आत्येच्या फोनमध्ये सकाळच्या शुभेच्छांचे आणि देवादिकांचे व्हिडिओच काही जीबी निघाले. ते पुसले आणि त्या रात्रीची आरती तरी मिळाली. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करता येतं, तेही लगेच करून टाका.

एवढं करूनही जागा पुरत नसेल तर कार्डाकडे वळा.

तुमच्या फोनमध्ये कार्ड बसतं का?

फोनच्या कडेला एक बारीक भोक असतं, त्यात पिन दाबली की सिमचा ट्रे बाहेर येतो. ट्रेमध्ये तीन घरं असतील तर उत्तम, दोन सिम आणि एक कार्ड. दोनच घरं असतील तर दुसरं घर नीट बघा. तिथे सिम किंवा कार्ड, दोन्हीपैकी एकच बसेल अशी खाच असू शकते. याला हायब्रिड ट्रे म्हणतात. काही फोनमध्ये कार्डाला जागाच नसते. गूगलच्या पिक्सेलमध्ये ती नाही, आणि सॅमसंगच्या महागड्या एस मालिकेतून २०२१ च्या एस२१ पासून ती काढून टाकलेली आहे.

हायब्रिड ट्रे ही आपल्याकडची खरी अडचण आहे. पुण्या-मुंबईत एका सिमवर भागतं. आपल्याकडे वाडीत एका कंपनीची रेंज, बंदरावर दुसरीची, आणि घाटी चढून वरच्या सड्यावर गेलं की दोन्हींची. दोन सिम ही चैन नाही, गरज आहे. अशा फोनमध्ये कार्डासाठी दुसरं सिम काढू नका. रात्रीबेरात्री दवाखान्यात फोन लावायची वेळ येते तेव्हा हजार फोटोंपेक्षा ती रेंज मोलाची असते. फोन ई-सिम, म्हणजे ट्रेमध्ये न घालता फोनच्या आतच चालणारं सिम, घेत असेल तर एक नंबर ई-सिम करून घ्या, म्हणजे घर मोकळं होतं. तेही जमत नसेल तर ओटीजी पेनड्राइव्ह घ्या, ज्याचं एक तोंड थेट फोनच्या चार्जिंगच्या जागी बसतं. आठवड्यातून एकदा लावायचा, फोटो उतरवायचे, काढून ठेवायचा. ज्यांच्या फोनला कार्डाची जागाच नाही त्यांनाही हाच उपाय.

कुठलं कार्ड घ्यायचं

फोनला लागतं ते मायक्रोएसडी. लांबी १५ मिलिमीटर, रुंदी ११, जाडी एक. करंगळीच्या नखाएवढं. किती जीबीपर्यंतचं कार्ड चालेल ते फोनच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या वेबसाइटवर दिलेलं असतं. जुन्या फोनना ३२ किंवा १२८ ची मर्यादा असते. ते बघितल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

३२ जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी प्रकारची, त्यावरची एसडीएक्ससी. फरक नुसता नावाचा नाही. ३२ पर्यंतच्या कार्डाची मांडणी जुन्या पद्धतीची असते आणि तिच्यात एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी मावत नाही. फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला साधारण १३० एमबी घेतो. म्हणजे अर्ध्या तासातच चार जीबी होतात, मग रेकॉर्डिंग तुटतं किंवा त्याचे तुकडे पडतात. जत्रेत रात्रभर दशावतार चालतो. संकासुर येऊन जाईपर्यंतच तुमची फाइल भरलेली असेल. म्हणून नवं घेताना ६४ च्या खाली जाऊ नका. माझं मत विचाराल तर बहुतेकांना १२८ पुरतं. चार एमबीचा एक फोटो धरला तरी तीस हजार फोटो बसतात.

१२८ चं कार्ड घातल्यावर बरेच फोन ११९ दाखवतात, त्याने घाबरू नका. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, असे फोन १,०२४ च्या हिशेबाने. ६४ चं कार्ड त्याच कारणाने ५९-६० दिसतं.

कार्डावरच्या बारीक खुणा भिंगाखाली धरून वाचण्यासारख्या असतात. गोलात १० लिहिलेलं असेल तर ते कार्ड सेकंदाला कमीत कमी १० एमबी लिहितं. इंग्रजी यू अक्षराच्या पोटात १ असेल तरी तेवढंच. पोटात ३ असेल किंवा व्ही३० लिहिलेलं असेल तर ३० एमबी. साध्या फुल एचडीला १० पुरेसं आहे, फोर-के, म्हणजे त्याहून बारीक तपशिलाचे व्हिडिओ, काढत असाल तर ३० वालं घ्या. ए१ आणि ए२ या खुणा बारीक बारीक फाइल भराभर वाचण्या-लिहिण्याच्या वेगाच्या आहेत. ए१ असलं तर चांगलंच, पण ए२ साठी जास्तीचे पैसे घालायची फोटोवाल्याला गरज नाही.

आता खोट्या कार्डाबद्दल. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण घरातलाच अनुभव आहे.

माझ्या मामेभावाने एका वेबसाइटवरून ५१२ जीबीचं कार्ड मागवलं, नेहमीच्या भावाच्या पाव किमतीत. फोनने ५१२ दाखवलं, सगळे खूश. दोन महिन्यांनी मुलीचं बारसं झालं. फोटो काढले, गॅलरीत लहान चौकोन दिसत होते, पण उघडले की अर्धा फोटो राखाडी. काही उघडेचनात. कार्ड माझ्या संगणकावर तपासलं तेव्हा त्यात खरी जागा १६ जीबीच निघाली. अशा कार्डाच्या आतल्या चिपला आपली जागा खोटी सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा भरली की पुढचं सगळं जुन्यावर लिहिलं जातं किंवा कुठेच लिहिलं जात नाही, आणि फोन मात्र 'सेव्ह झालं' म्हणत राहतो. पाळण्यातल्या मुलीचे ते फोटो पुन्हा कसे काढणार?

म्हणून कार्ड बिलासह घ्या, ओळखीच्या दुकानातून घ्या, आणि आणल्या दिवशीच तपासा. विंडोज संगणक असेल तर एच२टेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, लिनक्सवर एफ३. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि भरलेलं परत वाचून बघतो. १२८ जीबीला काही तास लागतात, लागू द्या. संगणक नसेल तर मोठे व्हिडिओ कार्ड भरेपर्यंत पुन्हा पुन्हा कॉपी करा आणि शेवटचे चार-पाच उघडून, मधूनमधून पुढे सरकवून बघा. ते नीट चालले तर कार्डावर विश्वास ठेवायला हरकत नाही. मग सगळं पुसून वापरायला घ्या. तपासणी कार्ड रिकामं असतानाच करायची, भरलेल्या कार्डावर नाही.

कार्ड बसवणं

हात साबणाने धुऊन कोरडे करा. नुकतीच मासळी साफ केली असेल, नारळ खवला असेल, तर हे काम तासाभराने करा. खाली फिकट रंगाचा पंचा अंथरा, कारण काळं कार्ड काळ्या लादीवर पडलं की सापडत नाही. फोन बंद करा. बहुतेक फोनमध्ये चालू असताना कार्ड घातलं तरी चालतं, पण त्याच ट्रेमध्ये सिमही असतं, आणि बंद करून घालण्यात काहीच जात नाही.

पिन घालायच्या आधी भोक नीट ओळखा. ट्रेचं भोक ट्रेच्या पट्टीवरच असतं, पट्टीभोवती बारीक फट दिसते. फोनच्या खालच्या किंवा वरच्या कडेला दुसरं तसंच भोक असतं, तो माइक. त्यात पिन खुपसली की बोललेलं समोरच्याला ऐकू जाणार नाही. असा एक फोन माझ्याकडे आला होता आणि त्याचा माइक बदलावा लागला. पिन सरळ धरून हळूच दाबा, ट्रे एक-दोन मिलिमीटर पुढे सरकतो, मग नखाने ओढा.

कार्डाच्या एका बाजूला नाव छापलेलं असतं, दुसऱ्या बाजूला आठ सोनेरी पट्ट्या. पट्ट्यांना बोट लावू नका. बहुतेक ट्रेमध्ये नाव वर आणि पट्ट्या खाली येतात. ट्रेमधल्या घराचा आकार आणि कार्डाची कडेची खाच जुळली की ते सपाट बसतं. वर आलेलं दिसलं तर ते उलटं आहे, जोर करू नका. ट्रे आत ढकलताना अडला तर बाहेर काढा आणि पुन्हा बघा. ट्रेच्या कडेला पातळ रबरी कड असेल तर ती पाणी अडवण्यासाठी आहे. ट्रे पूर्ण आत जाऊन कडेशी सपाट झाला पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात त्याच फटीतून ओल शिरते.

फोन विचारतो त्या प्रश्नाचं उत्तर

फोन सुरू झाला की नवं कार्ड सापडल्याची सूचना येते. काही फोनमध्ये दोन पर्याय दिसतात, पोर्टेबल स्टोरेज किंवा फोनचीच जागा म्हणून वापरणं. हा दुसरा पर्याय २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून आला, सगळ्या कंपन्या तो देत नाहीत. नाव ऐकून तोच बरा वाटतो. सगळी जागा एक झाली की झंझट संपली, असं वाटतं. पण त्यात कार्डाला कुलूप लागतं आणि किल्ली फक्त त्याच फोनपाशी राहते. फोन बिघडला, पाण्यात पडला किंवा रीसेट केला, की कार्ड धडधाकट असूनही त्यातलं काही वाचता येत नाही. शिवाय कार्ड फोनच्या आतल्या जागेपेक्षा हळू असतं, त्यामुळे सगळाच फोन रेंगाळतो.

पोर्टेबल निवडा. मी सगळ्यांना हेच सांगतो. फोनची आतली जागा म्हणजे माजघर, कार्ड म्हणजे माळा. रोजची भांडी माळ्यावर ठेवून घर चालत नाही. पैशाची अ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅप, गजर हे सगळं आतच राहू द्या. फोटो, व्हिडिओ, गाणी, भजनांची रेकॉर्डिंग वर चढवा.

फॉरमॅट करायला सांगितलं तर नव्या कार्डाला करा. जुन्या फोनमधलं भरलेलं कार्ड असेल तर फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं, हे लक्षात ठेवून आधी उतरवून घ्या.

एक गैरसमज इथेच दूर करतो. कार्डाने रॅम, म्हणजे चालू कामांसाठीची फोनची मेमरी, वाढत नाही आणि फोन वेगवान होत नाही. आतली जागा गच्च भरल्यामुळे फोन अडखळत असेल तर ती मोकळी झाल्यावर फरक पडतो, तेवढाच.

काय आणि कसं हलवायचं

पहिल्यांदा कॅमेरा. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये 'साठवण्याची जागा' असा पर्याय असेल तर तिथे एसडी कार्ड निवडा. तो सगळ्या फोनमध्ये नसतो. नसेल तर महिन्यातून एकदा हाताने हलवावं लागेल, आणि कॅलेंडरवर संकष्टीसारखी त्याची खूण करून ठेवलेली बरी.

जुने फोटो हलवण्यासाठी फोनमधलं फाइल मॅनेजर उघडा. ते नसेल तर गूगलचं फाइल्स अ‍ॅप फुकट मिळतं. फोटो डीसीआयएम नावाच्या फोल्डरमध्ये, त्यात कॅमेरा. फोल्डरमधले पन्नास-शंभर फोटो निवडा आणि 'कॉपी' करा, 'मूव्ह' नको. कार्डावर जाऊन पहिला, मधला, शेवटचा फोटो उघडून बघा. दिसले की मगच आतले पुसा. मूव्ह करताना मध्येच बॅटरी संपली किंवा कार्ड हललं तर फाइल इकडेही नाही आणि तिकडेही नाही अशी होऊ शकते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज दिवसदिवस जाते, म्हणून बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली असतानाच हे काम काढा.

व्हॉट्सअ‍ॅप आपले फोटो कार्डावर साठवत नाही, त्याचा साठा फोनच्या आतच असतो. त्यातलं हवं ते कॉपी करून कार्डावर ठेवायचं आणि मग व्हॉट्सअ‍ॅपमधून पुसायचं. अ‍ॅपच कार्डावर हलवायची सोय काही फोनमध्ये असते. एखादा खेळ हलवा, पण ज्याचा गजर वाजायला हवा किंवा ज्याचं विजेट, म्हणजे माहिती दाखवणारा छोटा चौकोन, पडद्यावर आहे ते नको, कार्ड निघालं की ते बंद पडतं.

यूट्यूबवर ऑफलाइन साठवलेले व्हिडिओ आणि गूगल मॅप्सचे ऑफलाइन नकाशे कार्डावर ठेवता येतात, दोन्हींच्या सेटिंग्जमध्ये तशी सोय आहे. कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी तर हे करावंच. नुसता रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडेही रेंज येते-जाते. निघण्याआधी मुंबईच्या वाय-फायवर गावाचा नकाशा उतरवून घेतला की रात्री स्टेशनवरून वाडीपर्यंतची वाट रिक्षावाल्याला तुम्ही सांगाल.

कार्ड काढायचं असेल तर आधी सेटिंग्ज, स्टोरेज, एसडी कार्ड, आणि तिथे 'इजेक्ट' किंवा 'अनमाउंट'. मगच पिन लावा. फोन काही लिहीत असताना कार्ड ओढलं तर ती एकच फाइल नाही, अख्ख्या कार्डाची यादी बिघडू शकते.

खारी हवा, पाऊस आणि दुसरी प्रत

किनाऱ्यावरच्या घरात खिडकीचे गज किती लवकर गंजतात ते आपण बघतो. फोनच्या आत कार्डाला टेकणाऱ्या धातूच्या बारीक स्प्रिंगही तीच हवा खातात. मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि धातूवर थर धरतं. होडीवर जाणाऱ्यांनी फोन झिपच्या पिशवीत किंवा पाणी न शिरणाऱ्या पाऊचमध्ये ठेवावा, आणि ट्रे कधीही होडीवर किंवा वाळूत उघडू नये. कार्ड 'सापडत नाही' असं फोन अधूनमधून म्हणू लागला तर आधी इजेक्ट करून काढा. सोनेरी पट्ट्या मऊ कोरड्या कापडाने पुसा. डाग जात नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलसर बोळा हलक्या हाताने फिरवा, पूर्ण सुकू द्या आणि परत घाला. सुटी कार्डं घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. चपलांच्या, औषधांच्या खोक्यातून त्या पुड्या येतात, टाकून देऊ नका.

पोर्टेबल कार्डाला कुलूप नसतं. ते ज्याच्या हाती पडेल तो कुठल्याही फोनमध्ये घालून सगळं बघू शकतो. आधार, पासबुक यांचे फोटो त्यावर ठेवू नका. फोन दुरुस्तीला देताना, विकताना कार्ड आणि सिम काढून घ्या. काही फोन कार्डाला कुलूप लावायची सोय देतात. ती वापरली असेल तर फोन रीसेट करण्याआधी कुलूप काढायला विसरू नका.

आणि ज्या गोष्टीसाठी मला हे सगळं लिहावंसं वाटलं ती ही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती, रेंज नव्हती. पुढच्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. अशा वेळी फोन जातो आणि त्याच्याबरोबर त्याच्या पोटातलं कार्डही जातं. कार्डावर हलवलेले फोटो म्हणजे दुसरी प्रत नव्हे, ती एकुलती एक प्रतच असते, फक्त जागा बदललेली. आजीचे शेवटच्या गणपतीतले फोटो, भावाच्या लग्नातला व्हिडिओ, असं जे परत मिळणार नाही ते वर्षातून दोनदा, गणपतीनंतर आणि शिमग्यानंतर, पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर उतरवा आणि ती वस्तू दुसऱ्या घरी ठेवा. मुंबईच्या भावाकडे ठेवली तर सगळ्यात बरं. गूगलची १५ जीबी फुकट जागा आहे, पण १ जून २०२१ पासून फोटोही तीत धरले जातात, आणि गावच्या रेंजवर व्हिडिओ वर चढायला रात्र पुरत नाही. निवडक फोटो तिथे ठेवा, बाकीच्यांसाठी हार्ड डिस्क.

कार्ड एके दिवशी उघडलं नाही तर

फोन म्हणेल, कार्ड खराब झालं आहे, फॉरमॅट करायचं का? 'हो' दाबू नका. घरात मुलांच्या हातात फोन असेल तर त्यांनाही हे आधीच सांगून ठेवा. फोन बंद करा, कार्ड काढा, पट्ट्या पुसा, दुसऱ्या फोनमध्ये किंवा कार्ड रीडरने संगणकावर लावून बघा. पुष्कळदा दोष फोनच्या स्प्रिंगचा असतो आणि कार्ड दुसरीकडे सुखरूप उघडतं. उघडलं तर दुसरं काहीही करण्याआधी सगळं उतरवून घ्या.

नाहीच उघडलं, किंवा चुकून फोटो पुसले गेले, तर त्या क्षणापासून कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. पुसलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही, त्याच्या जागी नवं काही लिहिलं जाईपर्यंत तो तिथेच पडून असतो. फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्रॅम संगणकावर असे फोटो हुडकून देतो. सापडलेले फोटो त्याच कार्डावर ठेवू नका, संगणकावर उतरवा. फोटोंची नावं बदललेली असतात, तारखांचा गोंधळ असतो, पण फोटो असतात. मामेभावाच्या खोट्या कार्डातून अशाच शोधात बारशाचे अकरा फोटो निघाले. त्यातल्या एकात पाळण्याची दोरी माझ्या आईच्या हातात आहे. तो आम्ही छापून घेतला आणि फ्रेम करून ओटीवर लावला.